साडीचोळीची साक्ष

ये माय, अशी जवळ ये. तिथं उंबऱ्यापाशी पाहुणीवानी कामून बसलीस? बाजेवर बस, पाय वर घे. येळवसेच्या सणाला येते म्हणलीस, मी आंबिलीचं मडकं भरून ठेवलं, भज्जी केली, वाट बघून बघून शेवटी शेजारच्या लेकरांना वाढून टाकली, आन् तू उगवलीस आता, उन्हाळ्याच्या तोंडाला. कामं असतात म्हणं. आम्हाला काय कामं नसतात व्हय? बरं ऱ्हाऊ दे. तो फोन खाली ठेव, तोंडाम्होरं धरू नको, मला बोलायला सुधरत न्हाई. तू वकिलीचं शिकून राहिलीस, नांदेडच्या बायांच्या बैठकीत वाचून दाखवायचं म्हणतीस, तर लिही. पण गावाचं नाव लिहू नको. माझं म्हादेवी एवढंच लिही. आमच्या आडनावाची लई घरं हायेत, त्यांच्या लेकरांना कामून तरास.

माझं माहेर मुखेडकडचं. बापाचं रान कोरडवाहू, आन् बाजाराच्या दिवशी तो स्टँडपाशी मिरच्या विकायला बसायचा. पोरींना शाळा न्हाई. मी अक्षरं शिकले ती त्या स्टँडवर. मिरच्यांच्या पोत्याला टेकून बसायचं आन् गाडी आली की पाटी बघायची. कंडक्टर ओरडला देगलूर देगलूर, की पाटीवर जे काय काढलंय ते देगलूर. अशानं कंधार आलं, नांदेड आलं, माहूर आलं. माहूरच्या गाडीला देवीला जाणाऱ्या बायांची ही गर्दी, पाटी दिसायचीच न्हाई, म्हणून माहूर मला लई उशिरा वाचता आलं. पुढं पुड्यांचे कागद वाचू लागले. कागद फाटला तिथं बातमी संपली. अजूनबी पेपर वाचला की मला वाटतंय, ह्याच्या खालचं कुणीतरी फाडून नेलं असंल.

लग्न होऊन आले ते हिकडं, लातूरच्या अंगाला. तवा लातूर जिल्हा नव्हता, आमचं गाव उस्मानाबादेत मोडायचं. घरात सासू, थोरले दीर बसवंत, जाऊ सुगलाबाई, त्यांची दोन पोरं आन् आम्ही दोघं. माझ्या मालकाचं नाव मी घेत न्हाई, हसू नको, लक्ष्मीचा बाप असं लिही. लक्ष्मी माझी पोरगी, एकुलती. तिचा बाप बोलायला कमी. माझ्यापेक्षा बैलाशी जास्त बोलायचा, मी म्हणायचे, त्या बैलालाच भाकरी मागा, तर खाली मान घालून हसायचा. भला माणूस होता.

जिल्हा नवा झाला त्याच्या आसपासची ही गोष्ट. लातुरात जिकडं तिकडं नव्या पाट्या रंगवून राहिले होते, जिल्ह्याचं हे कार्यालय, जिल्ह्याचं ते कार्यालय, आन् हिकडं गावाकडं विहिरींचा तळ दिसून राहिला होता. लोक म्हणायचे, साहेब वाढले, पाणी कवा वाढणार? लक्ष्मीचा बाप विहीर खोल करायला उतरला होता, वरून दरड सुटली. बाहेर काढला तवा बोलत होता, दवाखान्यापतोर न्हाई पोचला. त्याचं एवढंच लिही.

मग चारा संपला. जनावरं छावणीला न्यावी लागली. सासू, जाऊ, तिची पोरं जनावरांसंगं छावणीत जाऊन राहिली. मी पाझर तलावाच्या कामावर माती उचलायला जात होते, रोजगार हमीवर, म्हणून मी आन् लक्ष्मी घरी. घर राखायला बसवंत. आम्ही मायलेकी निजायचो ती कोठीची खोली. धान्य ठेवायची खोली म्हणल्यावर तिला कडी बाहेरून, आतून काहीच न्हाई. धान्याला आतून कडी कशाला लागती?

तिथं जे झालं ते मी तुला सांगणार न्हाई. कोर्टात एकदा सांगितलं आन् तिथंच ठेवून आले. तुझ्या बायांना एवढं कळलं तरी बास झालं की मी राजी नव्हते, आन् ते एकदाच झालं न्हाई. त्या दिवसापासून माझी झोप गेली. लक्ष्मी तवा दुसरीत का तिसरीत होती. दिवसा मी माती उचलायची आन् रातीला तिच्या आन् दाराच्या मधी बसून राहायची. कामावरच्या बाया म्हणायच्या, म्हादेवी, टोपलं डोक्यावर घेऊन झोपून राहिलीस की काय? मी म्हणायचे, हाव, मला नवऱ्याचं दुःख हाय. ते बी खोटं नव्हतंच.

सासू छावणीतून आली तवा तिला सांगितलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. माझ्यावर वरडली न्हाई, ते बी लिही. पण तिला धाक एकच, की गावात कळंल. तिनं तीन माणसं बोलावली, पारावर न्हाई, मठाच्या आतल्या खोलीत. त्यातले एक मल्लप्पा अप्पा, किराणा दुकानवाले, गावचे कायमचे पंच. आता आमच्या गावात तवा एक चाल होती. बापया माणसानं बाईचं वाईट केलं की पंचांनी त्याला बसवायचं, आन् त्यानं तिला बहीण म्हणून साडीचोळी करायची. बाईनं पदर पसरून घेतली की मामला मिटला. मग त्याच्यावर कुणी बोलायचं न्हाई, तिनं तर न्हाईच न्हाई. बसवंत रडला, सासूच्या पाया पडला, आन् बदामी रंगाची साडी न् चोळीचा खण माझ्या पदरात घातला. मी घेतली. पंच बसलेत, सासू म्हणतीय घे, संपलं आता, तवा दुसरं काय करणार, काय सांगू तुला. ती साडी मी ट्रंकेच्या तळाला घातली.

आन् संपलं कुठं? सासू परत छावणीला गेली. बसवंत परत दाराशी यायला लागला. मी म्हणलं, अवं, बहीण म्हणलात न्हवं मठात. तर म्हणतो, ते मठात.

एकदा मालकाच्या मयतीच्या कागदासाठी लातूरला कचेरीत गेले होते. साहेब जेवायला गेलेले, म्हणून सवयीनं पाट्या वाचत फिरले. एका पाटीचा रंग अजून ओला होता, मोफत कायदा सल्ला. आत एक वकीलबाई, मंगलाताई म्हणायचे तिला, माझ्यापेक्षा चार-दोन वर्सांनी थोरली असंल. टेबलावर डबा उघडलेला. मी दारातूनच विचारलं, बाई, पोलिसात न जाता काही होतंय का? ती म्हणली, आधी बसा आन् हे खा. खाऊ घातल्याबिगर कुणाचं ऐकायची न्हाई अशी ती. मग मी सांगितलं, तिच्याकडं न बघता, भिंतीकडं बघून.

ती म्हणली, पोलिसाचा दरवाजा तुम्हाला उघडा हाय, आज जायचं म्हणलात तर आज मी संगं येते, उद्या म्हणलात तर उद्या, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण मला आधी सांगा, तुम्हाला काय पाहिजे? म्हणलं, मला झोप पाहिजे. तिनं डबा बाजूला सारला. म्हणलं, खरंच बाई, एक खोली पाहिजे जिला आतून कडी हाय, तिचं दार रस्त्यावर उघडावं, त्याच्या अंगणात न्हाई, आन् तो माझ्या न् पोरीच्या वाऱ्याला येऊ नये. माहेरी मी जाणार न्हाई. ही जमीन पोरीच्या बापाची हाय.

मग तिनं मला दिवाणी म्हणजे काय ते सांगितलं, आन् ते तुझ्या पुस्तकात असंलच, तरी माझ्या तोंडून ऐक. फौजदारीत सरकार भांडतं आन् त्याला सजा मागतं, आपण साक्षीदार. दिवाणीत आपण मुद्दई, दावा आपला, मागणं आपलं. नवऱ्याच्या हिश्शात माझा आन् लक्ष्मीचा वाटा, घरात न् रानात, तो वेगळा काढून मागता येतो. त्यानं जवळ येऊ नये म्हणून मनाई हुकूम मागता येतो, दावा चालू असतानाच तात्पुरता, आन् शेवटी कायमचा. आन् त्यानं जे केलं त्याची नुकसानभरपाई. भरपाईचं नाव काढलं तशी मी उठले. म्हणलं, पैसा नको, लोक म्हणतील हिनं अब्रू विकली. आता मंगलाताई रागावली. म्हणली, बसा खाली. वाटणी तुम्हाला तशीबी मिळंल, पण नुसती वाटणी मागितली तर त्यानं काय केलं हे कोर्टाला तपासायचंच कारण न्हाई. भरपाई मागितली की जजाला लिहावं लागतंय, ह्यानं हे केलं का न्हाई. तुम्हाला ते लिहून पाहिजे का नको? मी परत खाली टेकले. मग म्हणलं, पाहिजे.

म्हणलं, पण बाई, बघणारं कुणी न्हाई. ती म्हणली, फौजदारीत शंकेला जागा राहिली की माणूस सुटतो. दिवाणीत जज तराजू धरतो, कुणाचं खरं असंल असं जास्त वाटतंय, पारडं जरासक कललं तरी चालतंय. मी म्हणलं, आमच्या मल्लप्पा अप्पाच्या दुकानातबी तसाच तराजू हाय, पण तो नेहमी अप्पाकडंच कलतो. लई हसली. मी बी हसले. लक्ष्मीचा बाप गेल्यापासून हसले न्हवते, मला आठवतंय, माझ्याच आवाजाचं मला नवल वाटलं.

दावा लागला, नोटीस गेली, आन् गावानं तोंड उघडलं. सुगलाबाई अंगणात भांडी आपटून म्हणायची, वाटणीच पाहिजे होती तर सरळ मागायची, माझ्या मालकाच्या तोंडाला काळं कामून फासतीस गं? तिचा संसार होता तो. सासूनं माझ्याशी बोलणं सोडलं. नळावर बाया म्हणायच्या, नव्या जिल्ह्याचं वारं लागलं म्हादेवीला. पण तात्पुरता मनाई हुकूम मिळाला, कोर्टाचा बेलीफ सायकलवर आला आन् बसवंतच्या हातात कागद दिला, की ह्या खोलीत पाय ठेवायचा न्हाई, ह्या बाईला न् पोरीला अडवायचं न्हाई. त्याच दिवशी मी सुतार बोलावून आतून कडी ठोकून घेतली. सुतार म्हणला, वैनी, कोठीला आतून? म्हणलं, तू ठोक.

आता ऐक, गंमत हिथं हाय. बसवंतनं वकील केला मोठा, काळ्या कोटाच्या खिशाला पेन लावलेला. त्यांनी कैफियत दिली, म्हणजे दाव्याला उत्तर. त्यात लिवलं की बाई जमिनीच्या लोभानं बालंट घेऊन राहिली, आमचे संबंध मायेचे होते, आन् पुरावा काय, तर थोरल्या दिरानं पंचासमक्ष तिला बहीण मानून साडीचोळी केलेली हाय. त्याला वाटलं, साडीचोळी म्हणजे मिटलेला मामला, ती दाखवली की कोर्टबी म्हणणार, मिटलं की मग. गावात तसंच होत होतं ना! आन् वकील शहरातला, त्याला वाटलं भाऊबीजेसारखं काहीतरी असंल. त्यानं खोदून विचारलं न्हाई आन् ह्यानं सांगितलं न्हाई. मंगलाताईनं मला ते वाचून दाखवलं आन् विचारलं, ही साडीचोळी कसली? मी सांगितली चाल. तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला, म्हणली, साडी हाय? म्हणलं, हाय, ट्रंकेत. म्हणली, असू द्या. कोर्टात दाखवायची येळ न येवो.

माझी जबानी झाली तवा मंगलाताईच्या अर्जावरून जजसाहेबांनी बाकीची सगळी माणसं बाहेर काढली, दार लावून घेतलं. मंगलाताई म्हणली होती, बसवंतकडं बघायचं न्हाई, जजाकडं बघून बोलायचं. मी बोलले. त्याच्या वकिलानं नको नको ते विचारलं. पण बोलले.

मग पुढच्या तारखेला त्यांचा साक्षीदार. कोण? मल्लप्पा अप्पा! नवा रुमाल बांधलेला, कपाळाला भस्म, लगीन लावायला आल्यावानी. शपथ घेतली. त्यांच्या वकिलानं विचारलं, बसवंतनं भावजयीला साडीचोळी केली का? अप्पा म्हणले, केली. तुमच्यासमोर? हाव, तिघं पंच होतो. मायेनं केली? अप्पा म्हणले, लई मायेनं, रडत रडत केली. वकील खूश, खाली बसला.

मंगलाताई उठली. म्हणली, अप्पा, त्या दिवशी सण कोणता होता? सण न्हाई. लगीन, बारसं, काही कार्य? अप्पा म्हणले, दुष्काळात कुठलं कार्य बाई, प्यायला पाणी न्हवतं. मग अशी बिनसणाची साडीचोळी तुमच्या गावात कवा करतात? अप्पा आधी खोकले. पण पंच माणूस, चाल विचारली की छाती फुगतीच. म्हणले, चुकीला करतात. बापया माणसानं बाईचं वाईट केलं तर करायला लावतो आम्ही, तुम्हा शहरच्या लोकांना काय ठाव. आन् त्यानं चूक कबूलच केली न्हाई तर? तर कशाची साडी, आम्ही काय कापडाचं दुकान काढलंय व्हय? कबूल केल्याबिगर आम्ही पदर पसरायला लावत न्हाई कुणाला.

मंगलाताई एकदम हळू आवाजात म्हणली, म्हणजे बसवंतनं कबूल केलं होतं.

अप्पाच्या तवा ध्यानात आलं. रुमाल सारखा केला, बसवंतकडं बघितलं, वकिलाकडं बघितलं. वकिलाचं पेन खाली पडलं होतं, तो ते शोधून राहिला होता. जजसाहेब म्हणले, उत्तर द्या. अप्पा किराण्यात माप मारणारा माणूस, पण शपथेला भिणारा. म्हणले, हाव साहेब. केलं होतं. मायच्या पाया पडला होता.

मी खाली बघत होते. मला काही मोठं जिंकल्यावानी वाटलं न्हाई, खरं सांगते. एवढंच वाटलं की आता माझ्याबिगर दुसऱ्या कुणीतरी ते तोंडानं म्हणलं. बाहेर व्हरांड्यात अप्पा सगळ्यांवर खेकसून राहिले होते, माझं काय चुकलं रे, चाल विचारली, चाल सांगितली!

फैसला माझ्या बाजूनं लागला. लिवलं गेलं, की ह्यानं हे केलं असंच कोर्टाला दिसतंय. वाटा दिला, घराचे रस्त्याकडचे खण दिले, कायमचा मनाई हुकूम दिला, भरपाई बी दिली. पण तुझ्या बायांना हे बी सांग, की फैसला लागला आन् दुसऱ्या दिवशी सगळं हातात आलं, असं न्हाई. अपील झालं. घराला कोर्टाचा माणूस टेप घेऊन आला, भिंत घालायला वरीस गेलं. रान मोजून मिळायला तर लक्ष्मीचं हायस्कूल संपलं. मंगलाताई तारखांना थकली न्हाई, मी थकले होते. ती डबा उघडून म्हणायची, खा आधी.

भिंत झाल्यावर एक दिवस दिवेलागणीला सासू आली, काखेत वाकळ. दावा लागल्यापासून एक शब्द बोलली न्हवती माझ्याशी. दारात उभी राहिली. म्हणली, हिकडं वारं बरं येतंय. म्हणलं, येतंय. आत आली, लक्ष्मीच्या बाजूला वाकळ टाकली न् निजली. मरेपतोर ती माझ्याकडंच निजली.

बसवंत आता न्हाई. सुगलाबाई हाय, भिंतीपल्याड, गुडघे गेलेत तिचे. कढी केली की मी वाटीभर देते, ती कुरकुर करत घेती. लक्ष्मी अर्धापूरला दिली, केळीच्या बागा हायेत त्यांच्या, आली की घड घेऊन येती आन् मी आळीभर वाटत बसते. तिला सगळं ठाव हाय. लगीन ठरायच्या आधी मीच सांगितलं, दुसऱ्याकडून कळू नये.

आता बाया येतात माझ्याकडं, कोण कुणाच्या सांगण्यावरून. मी वकील थोडीच. पण एवढं सांगते, की आता तुमच्या वेळंला घरातल्या हिंसेचा कायदा हाय, माझ्या वेळंला न्हवता. त्यात घरातल्या माणसानं अंगाशी केलेली जबरदस्ती बी येती. घरात राहायचा हुकूम मिळतो, त्यानं जवळ येऊ नये असा हुकूम मिळतो, भरपाई मागता येती, संरक्षण अधिकारी असतो, त्याच्याकडं जा. पोलिसात जायचं तर तेबी जा, एक केलं म्हणून दुसरं बंद होत न्हाई. आन् आधी ठरवा, आपल्याला काय पाहिजे. दुसऱ्यानं सांगितलेलं मागू नका. पंचांनी मिटवलं म्हणून मिटलं असं समजू नका. हे नीट लिही माय, माझं बाकीचं गाळलंस तरी चालंल.

झालं. उठतीस कुठं, चहा ठेवते. देव तुला बरकत देवो, तुझ्या हातून चार बायांचं भलं होवो. आन् आता येशील ती मुक्कामाला ये, अशी घाईनं न्हाई. आंब्याच्या दिवसांत ये, लवकर ये, माझं वय काय आता थांबणार हाय? दुपारच्याला आलीस तर दारातून जोरात हाक मार, दोनदा मार. मला लई गाढ झोप लागती.